चिरमुऱ्याची म्हैस: केकवर बसणारे खाण्याजोगे प्राणी घरी कसे घडवावेत

दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक निघते. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात चाळ, डोक्यावर मोरपिसं. ती मिरवणूक पाहत वाढलेल्या एका चार वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाचा केक दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. त्याला सिंह नको होता, युनिकॉर्न तर नकोच. केकवर त्याच्या आजोबांची म्हैस बसलेली हवी होती, आणि ती खाता आली पाहिजे. तेव्हापासून आजवर मी तीसेक प्राणी केले असतील, पण कुणी शिकायला आलं की सुरुवात म्हशीपासूनच करून देते. बसलेली म्हैस हा नवशिक्यासाठी सगळ्यांत उत्तम प्राणी आहे. अंग भरीव, पाय पोटाखाली दुमडलेले, मान आखूड. पडण्याची, मोडण्याची भीती फक्त शिंगांची, आणि त्यावर उपाय आहे.

या लेखात तीच म्हैस पहिल्यापासून शेवटपर्यंत करू. साधारण १३ सेंटिमीटर लांब आणि डोक्यासकट ९ सेंटिमीटर उंच, म्हणजे दीड ते दोन किलोच्या केकवर शोभेल एवढी.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्राणी चिरमुऱ्यात घडतो. फॉन्डंट, म्हणजे मळून पोळीसारखं लाटता येणारं साखरेचं मिश्रण, ही नुसती कातडी. माझा पहिला हत्ती मी भाच्यासाठी केला होता. आतला गोळा ओबडधोबड राहिला, तरी वर फॉन्डंट चढवलं की सगळं झाकून जाईल असं मला वाटलं. झालं उलटंच. तीन मिलिमीटरच्या पोळीखाली प्रत्येक उंचवटा आणि प्रत्येक खड्डा जसाच्या तसा उठून दिसला. त्याच आठवड्यात बेंदूर, म्हणजे बैलांचा सण होता आणि मी गंगावेशीकडे कुंभारांचं काम बघत थांबले होते. मातीच्या बैलाची पाठ, वशिंड, पुठ्ठे हे सगळं ते ओल्या मातीतच ठरवून टाकतात. पांढरा रंग आणि झूल नंतर येते. रंग न दिलेला बैलही लांबून बैलच दिसतो. तो दिवस आणि आजचा दिवस, आतला सांगाडा लांबून म्हैस दिसल्याशिवाय मी फॉन्डंटचं पाकीट फोडत नाही.

सगळी म्हैस फॉन्डंटचीच का नको

वजनासाठी. एवढ्या आकाराची म्हैस भरीव फॉन्डंटची केली तर ती सातशे ग्रॅमच्या पुढे जाते आणि मऊ केकमध्ये हळूहळू बुडते. चिरमुऱ्याच्या सांगाड्यावर केली तर साडेचारशे ग्रॅमच्या आसपास राहते. शिवाय फॉन्डंटचा जाड गोळा बाहेरून सुकतो, आतून ओलाच राहतो, त्यामुळे त्याला तडे जातात, नाहीतर तो स्वतःच्याच वजनाने पसरतो. आणि तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: फॉन्डंटचा गोळा कुणी खात नाही, बशीच्या कडेला सारून ठेवतात. चिरमुऱ्याचा सांगाडा मुलं लाडवासारखा खातात.

चिरमुरे की क्रिस्पी

परदेशात हे काम भाताच्या कुरकुरीत सीरियलवर करतात. शिजवलेला तांदूळ दाबून, वाळवून, भट्टीत फुलवलेले ते दाणे आकाराने लहान, गोडसर आणि जास्त कडक असतात. आपल्याकडे केक-चॉकलेटचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत राइस क्रिस्पी या नावाने सुटे मिळतात. मिळाले तर तेच घ्या, कारण दाणा लहान असल्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत येतो.

नाही मिळाले तर आपले चिरमुरे आहेतच. फक्त भडंगाचे मोठे, टपोरे चिरमुरे घेऊ नका. त्यांच्यात हवा जास्त असते, दाबले की आत पोकळ्या राहतात. भेळेचे बारीक चिरमुरे घ्या आणि तोंडात टाकून बघा, कारण काही चिरमुरे चांगलेच खारट असतात. किंचित खारटपणा गुळाबरोबर छान लागतो, पण मार्शमेलोबरोबर तो जिभेला खटकतो.

चिरमुरे कोणतेही असोत, कढईत मंद आचेवर सहा-सात मिनिटं हलवत भाजा. बोटांत चुरडल्यावर कुर्रकन मोडले पाहिजेत. सादळलेले चिरमुरे पाकात पडले की चिवट होतात आणि त्यांचा गोळा कितीही दाबला तरी परत फुगतो. गार झाल्यावर त्यातले निम्मे हाताने भरड चुरा, निम्मे तसेच ठेवा. दोन मुठी मिक्सरमधून रव्याएवढे बारीक करून वेगळे काढून ठेवा. खड्डे बुजवायला ते लागणार आहेत.

बांधायचं कशाने

इथे तीन वाटा आहेत आणि कोणती धरायची हे केक कुणाच्या घरी जाणार आहे यावर ठरतं.

पहिली मार्शमेलोची. १२० ग्रॅम क्रिस्पीला १५० ग्रॅम मार्शमेलो आणि फक्त १० ग्रॅम लोणी. खाण्याच्या वड्यांना लोणी जास्त घालतात, त्यामुळे त्या मऊ होतात. आपल्याला आकार धरणारं मिश्रण हवं आहे, म्हणून लोणी कमी. मार्शमेलो आणि लोणी मायक्रोवेव्हमध्ये ३० सेकंद फिरवा, ढवळा, गरज वाटली तर आणखी १५-२० सेकंद. गॅसवर करायचं असेल तर उकळत्या पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून वितळवा. जास्त तापलं की मिश्रण पुढे दगडासारखं होतं, म्हणून सगळं वितळताक्षणी उतरवायचं.

पण मार्शमेलोत बहुतेक वेळा जिलेटिन असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून, नाहीतर माशांपासून निघतं. पाकिटावर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, हे बघितल्याशिवाय वापरू नका. कोल्हापुरात जैन घरं पुष्कळ, आणि एरवी तांबडा-पांढरा आवडीने खाणाऱ्या घरांतही श्रावणात कुणी जिलेटिन चालवून घेत नाही. गिऱ्हाइकाला स्पष्ट विचारावं आणि स्पष्ट सांगावं. शाकाहारी मार्शमेलो मिळतात, पण ते सगळे सारखे वितळत नाहीत; काहींचं नुसतं चिकट पाणी होतं. पूर्ण पाकीट घालण्याआधी चार मार्शमेलो वितळवून, गार करून, बोटांनी ताणून बघा. तार आली तर पुढे जा.

दुसरी वाट गुळाची, आणि ती माझी आवडती. आपल्या कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, घरोघरी चिरमुऱ्याचे लाडू वळले जातात; म्हणजे सांगाडा बांधायची ही विद्या आपल्या हातात आधीपासूनच आहे. १०० ग्रॅम चिरमुऱ्याला १८० ग्रॅम किसलेला गूळ, एक चमचा तूप, दोन चमचे पाणी आणि दोन मोठे चमचे लिक्विड ग्लुकोज (साखरेचा घट्ट, पारदर्शक पाक). ग्लुकोज टाळू नका. त्याच्यामुळे पाक लगेच कडक होत नाही आणि आकार द्यायला दोन-तीन मिनिटं जास्त मिळतात. साधा गूळ घ्या. चिक्कीचा गूळ फार झपाट्याने आवळतो. पाक गोळीबंद व्हायला हवा: थेंब गार पाण्यात टाकल्यावर त्याची गोळी व्हावी, वाटीवर टाकली तर टणकन वाजावी. थर्मामीटर असेल तर १२५ अंशांच्या आसपास उतरवा. त्याआधी उतरवलेला पाक दुसऱ्या दिवशी पाझरतो.

गुळाचा पाक हाताला चिकटला तर वाईट भाजतो. शेजारी गार पाण्याचं पातेलं ठेवा, सुती हातमोज्यांवर रबरी हातमोजे घाला, त्यावर तूप चोळा, आणि हे काम करताना लहान मुलांना स्वयंपाकघरात घेऊ नका.

तिसरी वाट पांढऱ्या कंपाउंड चॉकलेटची, म्हणजे वनस्पती चरबी घातलेल्या, वितळवून वापरायच्या चॉकलेटची: १०० ग्रॅम क्रिस्पीला १६० ग्रॅम वितळवलेलं कंपाउंड आणि एक मोठा चमचा लिक्विड ग्लुकोज. करायला सगळ्यांत सोपी, शाकाहारी, चवीला मुलांना आवडणारी. पण एप्रिल-मेच्या उन्हात, मंगल कार्यालयातल्या पंख्याखाली ही म्हैस संध्याकाळपर्यंत कलते. थंडीच्या दिवसांतच वापरा.

अंग घडवताना

आकडे पाठ करण्याआधी म्हैस नीट बघा. मिरजकर तिकटीला किंवा गंगावेशीला संध्याकाळी धारोष्ण दुधाच्या कट्ट्यावर दहा मिनिटं उभं राहिलात तर जे कळेल ते फोटोतून कळत नाही. म्हशीचं अंग गोल नसतं. मागून रुंद, पुढे निमुळतं, कलत्या अंड्यासारखं. पाठ सरळ, आणि शेवटी पुठ्ठ्यांची दोन हाडं वर आलेली. बसलेल्या म्हशीचं पोट एका बाजूला जास्त पसरतं. ती दोन हाडं आणि ते पोट साधलं की अर्धी म्हैस झाली.

कागदावर म्हशीची बाजूने दिसणारी आकृती खऱ्या मापात काढा. तिच्या आत दुसरी रेघ तीन मिलिमीटर आत काढा. सांगाडा त्या आतल्या रेघेएवढाच हवा, कारण वर लेप आणि फॉन्डंट चढणार आहे. हे न केल्यामुळे म्हैस मोठी होते आणि केक तिच्यासमोर बशीएवढा दिसतो.

मिश्रण कोमट झालं, हाताला सोसवेल इतपत, की तुपाचा हात लावून साधारण २०० ग्रॅम अंगासाठी घ्या. उरलेलं झाकून ठेवा. लाडू वळतो तसं आधी घट्ट मुठीत दाबा, दोन्ही हातांनी, सगळीकडून. इथे घाई नको. मधली हवा पूर्ण निघाली पाहिजे, नाहीतर रात्रीतून सांगाडा बसतो आणि फॉन्डंटला सुरकुत्या पडतात. मग तो गोळा क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून पुन्हा दाबा, फिल्मवरूनच अंड्याचा आकार द्या, तळ ओट्यावर दाबून सपाट करा. पुठ्ठ्यांच्या जागी दोन छोट्या गोळ्या आत्ताच, गरम असतानाच चिकटवायच्या. नंतर चिकटवलेल्या निखळतात.

मार्शमेलोचा सांगाडा २०-३० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग दातेरी सुरीने तासा. गुळाचा सांगाडा फ्रिजमध्ये ठेवू नका, तो पाणी धरतो. तो तासतानाही तुकडे उडतात, म्हणून गुळात आकार हातानेच पूर्ण करायचा आणि सुरी फक्त तळ समतल करायला वापरायची.

डोक्यासाठी ४० ग्रॅम पुरतं. लांबट, नाकाशी रुंद, कपाळ किंचित फुगीर. मानेचा वेगळा तुकडा करू नका. अंगाला पुढून उतार द्या आणि डोकं त्या उतारावर टेकवा. जोडायला लॉलीपॉपची कागदी काडी घ्या, अंगात पाच सेंटिमीटर आणि डोक्यात दोन. दात कोरायच्या काड्या किंवा तार आत कधीही ठेवू नका. त्या फॉन्डंटखाली दिसत नाहीत आणि मुलाच्या तोंडात जातात. छोट्या जोडांना मी कच्च्या स्पॅगेटीचे तुकडे वापरते. आत राहिले तरी काही बिघडत नाही.

आता सांगाडा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि दारातून बघा. म्हैस दिसली तर पुढे. रेडकू, डुक्कर किंवा बटाटा दिसला तर परत हात घाला. या मिश्रणाचा खर्च फार नाही. पुढच्या पायरीनंतर दुरुस्ती अवघड होते.

रात्रभर कागदी खोक्यात राहू द्या.

लेप

चिरमुऱ्याचे दाणे फॉन्डंटमधून दिसू नयेत आणि गुळाचा ओलावा वर येऊ नये म्हणून मध्ये एक थर लागतो. खड्ड्यांत आधी तो रव्यासारखा चुरा थोड्या वितळलेल्या कंपाउंडमध्ये कालवून भरा. मग सगळ्या अंगावर, तळासकट, वितळलेल्या कंपाउंडचा पातळ हात फिरवा. म्हशीला डार्क चालतं. पांढरा ससा किंवा फिकट प्राणी असेल तर पांढरंच, नाहीतर वरच्या रंगाला काळपट छटा येते. कंपाउंड आवळलं की गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या चमच्याची पाठ फिरवा. उंचवटे वितळून बसतात आणि अंग घोटीव होतं. या पंधरा मिनिटांवर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून मी तीन-तीनदा चमचा गरम करते.

फॉन्डंट चढवणं

एका म्हशीला सगळं मिळून २५० ग्रॅम फॉन्डंट पुरतं. त्यातलं १५० ग्रॅम अंगावर आणि डोक्यावर पोळीसारखं चढवायला, बाकीचं पाय, कान, शिंगं, शेपूट आणि कवड्यांना.

म्हैस काळी म्हणून फॉन्डंट काळंकुट्ट करू नका. खरी म्हैस उन्हात राखाडी-तपकिरी दिसते. शिवाय पांढऱ्या फॉन्डंटमध्ये काळा जेल रंग ओतत राहिलं तर ते चिकट, लिबलिबीत होतं आणि खाणाऱ्याची जीभ-दात काळे करतं. चॉकलेटी फॉन्डंट घ्या, त्यात तयार काळं फॉन्डंट तिसरा हिस्सा मळा. रंग हवा त्यापेक्षा एक छटा फिका ठेवा, रात्रीतून तो गडद होतो.

मळताना हाताला वनस्पती तूप लावा, कॉर्नफ्लोअर नाही. गडद फॉन्डंटवर पिठाचे पांढरे डाग पडतात. कॉर्नफ्लोअर फक्त फिकट रंगांना, तेही पुरचुंडीत बांधून अलगद थापटून.

अंगासाठीच्या फॉन्डंटमध्ये सीएमसी पावडर (फॉन्डंट कडक करणारी खाण्याजोगी भुकटी) चिमूटभरच. जास्त घातली तर ते लवकर सुकतं आणि ताणताना फाटतं. शिंगं, कान, पाय यांच्या फॉन्डंटमध्ये मात्र १०० ग्रॅमला अर्धा चमचा सपाट घाला, मळा, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून अर्धा तास ठेवा.

कंपाउंडच्या लेपावर ओल्या ब्रशने पाण्याचा हलका हात द्या. ओलसर हवं, ओघळ नको. फॉन्डंट तीन-चार मिलिमीटर जाड लाटा, पाठीवरून टाका आणि तळव्याने वरून खाली चोळत न्या. बोटांनी नाही, बोटांचे ठसे उठतात. सगळी जास्तीची घडी पोटाखाली न्या, तिथे कात्रीने कापा, सांधा तळाशी दाबून टाका. पुठ्ठ्यांमागे, मानेच्या खाली आणि पुढच्या पायांच्या सांध्यापाशी फॉन्डंट आपोआप थोडं गोळा होतं. ते ताणून काढू नका. म्हशीच्या कातडीला तिथे वळ्या असतातच. सुरीच्या बोथट बाजूने त्या वळ्या आणखी खोल करा.

वरचा थर सुकून बारीक जाळीसारख्या रेघा दिसू लागल्या तर बोटावर वनस्पती तुपाचा थेंब घेऊन गोल चोळा, बुजतात. म्हैस आणि हत्ती करताना मी काही रेघा मुद्दाम ठेवते.

पुढचे पाय म्हणजे दोन जाड सुरळ्या, मध्ये दुमडलेल्या, गुडघा पुढे. खुराला सुरीने एक चीर. मागचा एकच पाय बाहेर दिसतो, दुसरा पोटाखाली. शेपूट अंगालाच चिकटवा, हवेत सोडू नका.

चिकटवायचा डिंक घरीच होतो: दोन मोठे चमचे पाण्यात पाव चमचा सीएमसी घालून रात्रभर ठेवा, सकाळी पारदर्शक लापशीसारखा डिंक तयार. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. कमी लावायचा, जास्त लावला की तुकडा घसरत खाली येतो.

शिंगं, कान, डोळे

शिंगं सगळ्यांत आधी, म्हणजे तीन दिवस अगोदर करून सुकत ठेवायची. आणि इथे जातीचा प्रश्न येतो. मुऱ्हा म्हशीची शिंगं आखूड, जिलबीसारखी आत वळलेली. आपल्या कोल्हापूर-सांगली-सोलापूर भागातल्या पंढरपुरी म्हशीची शिंगं लांब, मागे खांद्यापर्यंत गेलेली, तलवारीसारखी. गवळ्याच्या घरी केक जाणार असेल आणि शिंगं चुकली तर पहिल्या क्षणाला कळतं. त्या चार वर्षांच्या मुलाने घरच्या म्हशीचा फोटो पाठवायला लावला होता, तो फोटो मी शेवटपर्यंत ओट्यावर समोर ठेवला होता.

पंढरपुरी शिंगासाठी सहा-सात सेंटिमीटरची सुरळी, एका टोकाला निमुळती. तळव्याने किंचित चपटी करा, मग पातेल्याच्या किंवा वाटीच्या बाहेरच्या वळणावर टेकवून तशीच वाळू द्या. जाड टोकात स्पॅगेटीचा दीड सेंटिमीटरचा तुकडा खोचून ठेवा, तोच पुढे डोक्यात जाईल. दोन शिंगं हवी असतील तर चार करा. सुकलेलं शिंग बांगडीसारखं तडकतं आणि ते नेहमी शेवटच्या तासाला तडकतं.

शिंग कपाळाच्या वरच्या कोपऱ्यातून निघतं आणि कान त्याच्या खाली, जवळजवळ आडवे. कान शिंगाच्या वर लावले तर गाढव दिसतं. डोळे डोक्याच्या मध्याच्या किंचित वर, बाजूंना, समोर नाही. काळा मणी, त्यावर वरच्या बाजूला पांढऱ्याचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. तो ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा, तरच म्हैस कुठेतरी बघते आहे असं वाटतं. नाकपुड्या ब्रशच्या मागच्या टोकाने, स्वल्पविरामासारख्या.

पाडव्याचा साज चढवायचा असेल तर शिंगांना लाल-निळे पट्टे, कपाळावर गोंडा, आणि गळ्यात कवड्या. कवडी म्हणजे तांदळाएवढी पांढरी गोळी, मध्ये सुरीने एक चीर. वीस-बावीस लागतात. हे काम घरातल्या मोठ्या मुलांना द्या, त्यांची बोटं बारीक असतात.

रंगाबद्दल सावध

बाजारात चमकीच्या डब्यांवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ खाण्याजोगं असा होत नाही. डब्यावर घटकांची यादी, एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक आणि शाकाहारी चिन्ह असेल तरच खाण्याच्या भागावर वापरा. ‘फक्त सजावटीसाठी’ लिहिलेलं असेल तर ते केकपासून लांब ठेवा.

छटा द्यायला कोरडा भुकटी रंग कोरड्या ब्रशने लावणं सर्वांत सोपं: पोटाखाली आणि वळ्यांत काळा, पाठीवर आणि पुठ्ठ्यांवर हलका राखाडी. नाक ओलसर दिसावं म्हणून अर्धा चमचा ग्लुकोजमध्ये चार थेंब कोमट पाणी मिसळून त्याचा एकच हात.

पावसाळा आणि फ्रिज

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हवेत इतका ओलावा असतो की शिंगं तीन दिवसांत वाळत नाहीत, पाच लागतात. पंख्याखाली, जाळीवर, अधूनमधून उलटी करत वाळवा. एसी असेल तर त्या खोलीत. सिलिका जेलची पुडी खोक्यात ठेवता येते, पण ती खोक्याच्या तळाला चिकटवून, प्राण्याला लागणार नाही अशी, आणि केक देण्याआधी आठवणीने काढून.

तयार प्राणी फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. बाहेर काढताच त्याला घाम फुटतो, रंग ओघळतात, कवड्या घसरतात. हवाबंद डब्यातही नको. पुठ्ठ्याचं खोकं उत्तम, ते ओलावा शोषतं. चुकून फ्रिजमध्ये गेलाच तर खोक्यासकट बाहेर काढा, खोकं दोन तास उघडू नका. घाम खोक्यावर येतो, म्हशीवर नाही.

केकवर बसवणं

आपल्याकडे बहुतेक केक व्हिप क्रीमचे. फॉन्डंट क्रीमला टेकलं की तासाभरात खालून पाघळायला लागतं. म्हणून म्हशीच्या तळाएवढा पातळ केक-बोर्ड कापा, किंवा कंपाउंड चॉकलेटची चकती करा, आणि म्हैस त्यावर डिंकाने बसवा. चकतीखाली केकमध्ये जाड स्ट्रॉचे चार तुकडे, केकच्या उंचीएवढेच, उभे रोवा. वजन स्ट्रॉवर जातं, केकवर नाही. गनाशचा, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या घट्ट लेपाचा केक असेल तर काम सोपं, पण स्ट्रॉ तरीही रोवा.

केक आणि म्हैस वेगवेगळ्या खोक्यांत न्या. म्हैस जागेवर पोचल्यावर, केक कापायच्या अर्धा तास आधी बसवा. मी राधानगरीला एकदा केक घेऊन गेले तेव्हा वळणांवर केक नीट राहिला, पण आधीच बसवलेला हरिण मात्र मानेतून वळला. आता खोक्यात डिंकाची बाटली, एक ब्रश, जास्तीचं शिंग आणि अंगाच्या रंगाच्या फॉन्डंटचा लिंबाएवढा गोळा नेहमी असतो.

वेळेचा हिशेब असा: वाढदिवस रविवारी असेल तर बुधवारी शिंगं (पावसाळ्यात सोमवारी), गुरुवारी सांगाडा, शुक्रवारी लेप आणि फॉन्डंट, शनिवारी डोळे, रंग, साज.

म्हशीनंतर

गवा करायचा मोह कोल्हापूरकरांना होतोच. दाजीपूरचं जंगल एवढं जवळ. तोही बसलेलाच करा. म्हशीपेक्षा वेगळं काय, तर खांद्यामागे पाठीवर उंच कणा, शिंगांच्या मध्ये कपाळावर राखाडी फुगवटा, आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. म्हणून त्याचे पाय दिसतील असे थोडे बाहेर ठेवा.

हत्तीची सोंड सांगाड्यातून काढू नका, फॉन्डंटचीच करा आणि छातीला टेकवून ठेवा. हवेत उचललेली सोंड पाहायला सुरेख, पण ती पहिल्या प्रयत्नात टिकत नाही.

चित्ता आणि बिबट्या यांत गल्लत फार होते. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळलेले होते, त्यामुळे इथल्या माणसांनी तरी ती करू नये. चित्त्याचे ठिपके भरीव आणि सुटे, आणि डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ. बिबट्याचे ठिपके पोकळ, फुलांसारखे, आणि ती रेघ नाही. ठिपके ब्रशने काढा, फॉन्डंटच्या टिकल्या चिकटवू नका. अंग लगेच जाड दिसतं.

उभा प्राणी मात्र दहा-बारा बसलेले प्राणी झाल्याशिवाय हातात घेऊ नका. चार पायांवर साडेचारशे ग्रॅम तोलायचे म्हणजे आत बोर्डात रोवलेल्या काड्या लागतात, आणि मग खाण्याजोगं किती उरलं हा प्रश्न येतो.

कापताना

केक देताना घरच्या मोठ्या माणसाला तोंडी सांगा, आणि खोक्यावर चिठ्ठीही लावा: आत कागदी काडी आहे, खाली स्ट्रॉ आहेत. आधी म्हैस चकतीसकट उचलून बाजूला घ्यायची. शिंगं काढून ठेवायची. ती वाळून कडक झालेली असतात, लहान मुलांना द्यायची नाहीत. डोकं हलकेच फिरवून काडीसकट उपसायचं, काडी टाकून द्यायची. मग अंग दातेरी सुरीने, पाव कापतो तसं, मागेपुढे करत बोटभर जाडीच्या चकत्यांत कापायचं. दाबून कापलं तर चुरा होतो. गुळाची म्हैस चार-पाच दिवस डब्यात चांगली राहते. मार्शमेलोची दोन-तीन दिवसांत संपवावी, पुढे ती चिवट होते.

त्या मुलाने मात्र म्हैस कापू दिली नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या आजीचा फोन आला. शिंगं जपून ठेवली होती, उरलेली म्हैस त्याने आजोबांबरोबर दुधासोबत संपवली होती, आणि पुढच्या वर्षी शेजारी रेडकूही हवं होतं.